डाउनलोड केलेला सिनेमा ऐन वेळी का उघडत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये मुंबईहून रेल्वेने चंदीगड, तिथून गाडीने मनाली आणि मग लेह. सोबत सत्तरी ओलांडलेले सासरे आणि नऊ वर्षांची मुलगी. वाटेत नेट नसणार हे धरूनच चालायचं. मागच्या सहलीला वीसेक सिनेमे डाउनलोड करून नेले होते, त्यातले निम्मे उघडलेच नाहीत. या वेळी काय वेगळं करायचं?

मी मालवाहू बोटींवर इलेक्ट्रिकल ऑफिसर आहे, अठरा वर्षं झाली. नेटशिवाय सिनेमा बघायची सवय आमच्या धंद्यात पहिल्याच कॉन्ट्रॅक्टला लागते. आता नव्या बोटींवर उपग्रहाचं बरं इंटरनेट येऊ लागलंय, पण मी लागलो तेव्हा प्रत्येकाच्या सामानात एक हार्ड डिस्क असायची आणि पहिल्या आठवड्यात मेसमध्ये देवाणघेवाण चालायची. इंजिनरूममधल्या केरळच्या मोटरमनकडून मल्याळम सिनेमे, फिलिपिनो कुककडून कराओके, माझ्याकडून मराठी नाटकं. त्यातलं किती रीतसर होतं ते विचारू नका.

तुमची झाली तीच फजिती माझी २०१९ साली झाली. सिंगापूर सोडताना टॅबमध्ये एका ॲपवरून छत्तीस सिनेमे भरले, रोज एक बघायचा बेत. प्रशांत महासागर ओलांडला, पलीकडे बंदरात जागा नाही म्हणून नांगर टाकून थांबलो, आणि एकतिसाव्या दिवशी रात्रीचा वॉच म्हणजे पाळी संपवून केबिनमध्ये येतो तर यादीतल्या प्रत्येक नावापुढे उद्गारचिन्ह. फाइली सगळ्या जागेवर, टॅबमधली जागाही तितकीच भरलेली, आणि एकही चालेना.

कारण असं. ॲपमधून डाउनलोड करता तेव्हा दोन वस्तू येतात: सिनेमाची कुलूपबंद फाइल आणि तिची किल्ली. अँड्रॉइडवर हे कुलूप-किल्लीचं काम बहुतेक ॲपांसाठी वाइडवाइन नावाची गूगलची यंत्रणा करते, आयफोनवर ॲपलची फेअरप्ले. किल्ली त्या एका फोनला आणि त्या एका खात्याला बांधलेली असते, शिवाय तिला मुदत असते. त्यामुळे मेमरी कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तर काही चालत नाही. सासऱ्यांच्या फोनमध्ये बघायचं असेल तर सासऱ्यांच्याच फोनमध्ये डाउनलोड करायला हवं.

मुदतीची घड्याळं दोन असतात आणि बहुतेकांना एकच ठाऊक असतं. पहिलं डाउनलोड केल्यापासून धावतं, दुसरं प्ले दाबल्यापासून. प्राइम व्हिडिओवर सर्वसाधारणपणे पहिलं ३० दिवसांचं आणि दुसरं ४८ तासांचं. नेटफ्लिक्सवर ते सिनेमागणिक बदलतं. सात दिवसांहून कमी उरले की डाउनलोडच्या यादीत तसं दिसू लागतं आणि काही सिनेमे सुरू केल्यावर ४८ तासांत बंद होतात. यूट्यूब प्रीमियमवर साठवलेले व्हिडिओ चालू राहायला महिन्यातून एकदा तरी नेट दाखवावं लागतं. बाकीच्या ॲपांचे नियम सारखे बदलतात, ते त्या-त्या ॲपच्या मदतीच्या पानावर निघायच्या आधी वाचा.

तुमचे निम्मे सिनेमे गेले ते बहुधा दुसऱ्या घड्याळामुळे. आपण काय करतो? डाउनलोड झालं की ‘लागतंय का बघू’ म्हणून दोन मिनिटं चालवून बघतो. तिथेच ४८ तास सुरू. शुक्रवारी घरी तपासलेला सिनेमा रविवारी रात्री गाडीत बंद.

मग न तपासता न्यायचे का? तेही नाही. मी रंगीत तालीम दोन टप्प्यांत करतो. निघायच्या चार-पाच दिवस आधी फोन पूर्ण बंद करून चालू करतो, एरोप्लेन मोड लावतो, वाय-फायसुद्धा बंद, आणि प्रत्येक ॲप उघडून एकेकच सिनेमा चालवतो. बाकीच्यांना हात लावत नाही, फक्त यादीत इशारा दिसतोय का ते पाहतो. या एका चाचणीत पुष्कळ गोष्टी उघड्या पडतात. एखादं ॲप उघडतानाच लॉगिन मागतं. एखाद्यात सिनेमा दिसतो पण सबटायटल आलेलंच नसतं. एखाद्यात डाउनलोड ९८ टक्क्यांवर अडकलेलं असतं आणि आपल्याला वाटत असतं झालं. दुसरा टप्पा शेवटच्या वाय-फायवर. तुमच्या बाबतीत तो मनालीच्या हॉटेलात, निघायच्या आदल्या रात्री. तिथे नेट चालू ठेवून प्रत्येक ॲप उघडा, डाउनलोडच्या यादीत जा आणि ज्याची मुदत जवळ आली असेल त्याची नवी किल्ली मागा. किल्ली मागायचं बटण दाबलं की पुन्हा दोन जीबी उतरत नाहीत, बहुतेक वेळा फक्त किल्ली येते, काही सेकंदांत. मात्र नेटफ्लिक्सवर काही सिनेमे वर्षातून ठरावीक वेळाच डाउनलोड करता येतात, म्हणून तोच सिनेमा पुन्हा पुन्हा पुसून चढवायचा खेळ करू नका.

लेहच्या बाबतीत एक गोष्ट आधीच सांगतो. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. म्हणजे तुमचं प्रीपेड असेल आणि तिथे ॲपने लॉगिन मागितलं, तर हॉटेलचं वाय-फाय असूनसुद्धा ओटीपी येणार नाही. तेव्हा ॲपमधून लॉगआउट करू नका. नेटफ्लिक्समध्ये लॉगआउट केलं की डाउनलोड पुसलीच जातात. सबस्क्रिप्शनचा हप्ता सहलीच्या मधल्या तारखेला येत असेल तर तो आधी बघून घ्या. फोनची तारीख-वेळ हाताने बदलू नका, घड्याळ मागेपुढे झालं की किल्लीला संशय येतो. नेटफ्लिक्सचं ‘स्मार्ट डाउनलोड’ बंद करा, नाहीतर वाय-फायवर असताना ते पाहून झालेला भाग पुसून पुढचा भरतं, आणि लेकीला नेमका पुसलेलाच भाग परत बघायचा असतो. लॅपटॉपवर भिस्त असेल तर तीही सोडा: विंडोजवरच्या नेटफ्लिक्स ॲपमधली डाउनलोडची सोय २०२४ मध्ये काढून टाकली. हे काम आता फोन किंवा टॅबचं.

एवढं सगळं करूनही ॲपमधला सिनेमा शेवटी उसना असतो. म्हणून मी नेहमी दोन शिदोऱ्या बांधतो. एक ॲपमधली, नव्या सिनेमांची. दुसरी बिनकुलपाच्या फाइलींची, जी कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही तारखेला चालेल. लोक विचारतात, अशा फाइली रीतसर मिळतात कुठे? आपल्याकडे घरोघरी पडलेला एक खजिना आहे: व्हीसीडी. दोन हजार ते दोन हजार दहाच्या दरम्यान मराठी नाटकं आणि सिनेमे विकत घेतले असतील तर ते माळ्यावर किंवा टीव्हीखालच्या कपाटात असतीलच. व्हीसीडीच्या प्रकारातच कुलुपाची सोय नव्हती. डिस्क कॉम्प्युटरमध्ये घाला, ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर उघडा, आत ‘डीएटी’ शेपटीची मोठी फाइल दिसेल. ती कॉपी करा, व्हीएलसी या मोफत प्लेयरमध्ये सरळ चालते. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे आजच्या मानाने धूसर, पण नाटकाला काय लागतं? रंगमंच एकच, माणसं चार, आणि संवाद ऐकू आले की झालं. एका डिस्कवर सव्वा तास मावतो, म्हणून नाटक दोन-तीन डिस्कांवर असतं. फाइलींना १, २, ३ अशी नावं द्या, नाहीतर दुसरा अंक आधी लागतो. माझ्या वडिलांच्या बाबतीत तसं झालं आणि त्यांनी तक्रार न करता पाहिलं, हा नाटकाचा गुण की वडिलांचा ते कळलं नाही.

डीव्हीडीच्या वाटेला मात्र मी जात नाही. बहुतेक डीव्हीडींना कुलूप असतं, आणि कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेल्या ६५-अ या कलमाने, हक्कभंगाच्या इराद्याने असं कुलूप तोडणं गुन्हा ठरवलंय. कुठल्याशा चॅनेलवर फिरणाऱ्या नव्या सिनेमांच्या फाइली तर नकोतच. बोटीवरचा मेसचा कॉम्प्युटर मी स्वतः दोनदा पुसून नव्याने उभा केलाय, दोन्ही वेळा पाहुणी पेनड्राइव्ह कारण होती. जुन्याची आवड असेल तर एक सरळ वाट आहे. आपल्या कायद्यात सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी संपतो. म्हणजे १९६५ पर्यंत प्रदर्शित झालेले सिनेमे, त्यात प्रभातच्या काळातले आलेच, त्या बंधनातून सुटलेत. इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहासारख्या ठिकाणी असं बरंच काही उतरवून घेता येतं. मुलीसाठी ब्लेंडर फाउंडेशन या ॲनिमेशनचं मोफत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्थेचे छोटे ॲनिमेशनपट त्यांनी स्वतःच मोफत ठेवलेत. काहींत संवादच नाहीत, त्यामुळे भाषेचा प्रश्न येत नाही. आणि घरचे व्हिडिओ विसरू नका. मुंज, बारसं, तिच्या बालवाडीचं गॅदरिंग. बोटीवर चौथ्या महिन्यात सगळ्यात जास्त तेच बघितलं जातं.

आता या फाइली कशावर न्यायच्या? तुम्ही विचारलंय की घरी एक टीबीची हार्ड डिस्क आहे, ती चालेल का. लेहला नको, आणि याचं कारण दुकानदार सहसा सांगत नाही. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारं डोकं चकतीला टेकत नाही, हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगतं. हवा विरळ झाली की तो आधार कमी होतो आणि डोकं चकतीला घासू शकतं. म्हणून अशा बहुतेक डिस्कच्या माहितीपत्रकात वापरायची उंची ३,००० मीटरच्या आसपास दिलेली असते. लेह शहरच सुमारे ३,५०० मीटरवर आहे, वाटेतली बारालाचा खिंड ४,८०० च्या वर आणि तांगलांग ला ५,३०० च्या घरात. बंद अवस्थेत नेली तर काही होत नाही, पण तिथे चालू केलीत तर जुगार आहे. बोटीवर शत्रू वेगळा: इंजिनाची थरथर आणि रोलिंग. माझ्या दोन डिस्क त्यात गेल्या. तेव्हापासून मी चकतीची डिस्क घरी ठेवतो आणि सोबत एसएसडी (चिपांवर साठवणारी डिस्क) नाहीतर साधी पेनड्राइव्ह घेतो. दोहोंत फिरणारं काही नाही. १२८ जीबीची टाइप-सी पेनड्राइव्ह तुमच्या आठवड्याला भरपूर झाली.

हिशेब सोपा आहे. सेकंदाला एक मेगाबिट म्हणजे तासाला ४५० एमबी. फोन-टॅबच्या पडद्यावर ७२०पी चित्राला दीड मेगाबिट पुरे होतं, म्हणजे अडीच तासांचा सिनेमा १.७ जीबीत बसतो. सहा इंची पडद्यासाठी फोर-के उतरवणं म्हणजे चहा प्यायला पिंप घेऊन जाणं. ॲपमध्येही दर्जा ‘स्टँडर्ड’ ठेवा. तुमची जागाही वाचते आणि डाउनलोड अर्धवट राहायची भीतीही.

पेनड्राइव्हच्या बाबतीत दोन अडचणी नेमाने येतात. ती एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर चार जीबीहून मोठी फाइल घेत नाही. त्यासाठी एक्सफॅट करा. पण हॉटेलातले जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत! म्हणून फाइली चार जीबीच्या आत ठेवून एफएटी३२ वरच राहणं मला सोयीचं वाटतं. दुसरी अडचण आवाजाची. चित्र दिसतं, आवाज नाही. सिनेमाचा आवाज डीटीएस किंवा डॉल्बीच्या प्रकारात असतो आणि टीव्हीला किंवा काही प्लेयरना तो वाचायचा परवाना नसतो. फोनवर व्हीएलसी टाका, ते हे सगळं वाचतं. टीव्हीसाठी फाइल आधीच बदलून घ्या: हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर, त्यात चित्राला एच.२६४, आवाजाला एएसी, शेपटी एमपी४. एच.२६५ ने फाइल लहान होते खरी, पण जुना टीव्ही ती उघडत नाही. सबटायटलची फाइल सिनेमाच्याच नावाची आणि त्याच फोल्डरमध्ये हवी, आणि मराठी असेल तर यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत साठवलेली, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात.

हॉटेलच्या टीव्हीवर ॲपमधलं डाउनलोड लावायचा प्रयत्न करू नका, बहुतेक ॲप ते बाहेरच्या पडद्यावर जाऊच देत नाहीत. पेनड्राइव्हच लावा, आणि टीव्हीचं यूएसबी हॉटेलने बंद केलेलं असेल तर वाद घालत बसू नका. टॅब उशीला टेकवा.

विजेचं सांगतो, माझा विषयच तो. रेल्वेत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवायचा नियम २०२१ पासून आहे, तेव्हा संध्याकाळीच सगळं भरून घ्या. पॉवर बँकेवर १०,००० लिहिलेलं असलं तरी फोनला त्यातले ६,००० च्या आसपास मिळतात. बाहेरचा दाब वाढवताना उरलेले जातात. २०,००० ची घ्या. ती ७४ वॉट-तासांची होते, विमानाच्या १०० च्या मर्यादेत बसते. लेहहून विमानाने परतणार असाल तर ती हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकायला परवानगी नाही, आणि विमानात ती वापरू देतीलच असं धरू नका. सगळ्यात मोठी बचत एरोप्लेन मोडची. नेटवर्क नसलेल्या भागात फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी त्यातच संपते. मनालीपुढचा अटल बोगदा मागे पडला की एक फोन चालू ठेवा, बाकीचे एरोप्लेन मोडवर. ब्लूटूथ वेगळं चालू करता येतं. वाटेतल्या सरचूच्या तंबूत रात्री थंडीने बॅटरी पटकन उतरते. फोन आणि पॉवर बँक पांघरुणात घ्या, आणि गारठलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका, आधी अंगाच्या उबेने जरा गरम होऊ द्या.

कानाचं: सासऱ्यांना वायरचे, कानावर पूर्ण बसणारे हेडफोन द्या. ब्लूटूथचे छोटे बड्स बर्थखाली पडले की मिळत नाहीत, आणि रेल्वेच्या खडखडाटात ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवावा लागतो. आजोबा-नात एकत्र बघणार असतील तर एका भोकाचे दोन करणारा स्प्लिटर शे-दोनशे रुपयांत मिळतो. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सीचा जोड सोबत लागेल. स्पीकरवर लावणं सोडाच, रात्री दहानंतर तर रेल्वेचाही नियम आड येतो.

घाटात सिनेमा नको. मनालीपुढे वळणांवर पडद्याकडे बघत बसलं की दहा मिनिटांत मळमळ सुरू होते, आणि वर चढताना होणारी मळमळ उंचीची की पडद्याची हे ओळखणं अवघड जातं. तिथे ही गल्लत परवडत नाही. गाडीत श्राव्य काही ठेवा: गोष्टी, नाट्यपदं, व्हीसीडीवरच्या नाटकाचा नुसता आवाजसुद्धा.

मी लडाखला दोनदा गेलोय, आणि दोन्ही वेळा सिनेमे रेल्वेत फारसे लागले नाहीत. खिडकी असते, चहा असतो, शेजारी बोलतात. लागले ते लेहला पोचल्यावर. पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्या, जिने चढू नका, भटकू नका असं सगळे बजावतात, आणि सत्तरीच्या माणसाच्या बाबतीत ते काटेकोर पाळायला हवं. त्या दोन दिवसांत खोलीत बसून करायचं काय? मुलगी तर तासाभरात भिंतीवर चढेल. तुमचा खरा साठा त्या अठ्ठेचाळीस तासांसाठी राखून ठेवा, आणि ४८ तासांचं घड्याळ असलेला सिनेमा त्याआधी कोणाला उघडू देऊ नका.

काय न्यायचं यावर माझं मत बोटीवरच्या अनुभवाचं आहे. दमलेला माणूस नवीन सिनेमा लावत नाही, पाहिलेलाच लावतो. दहा नेणार असाल तर तीन नवे, सात आवडते. मुलीला विचारून तिचे दोन बिनकुलपाच्या साठ्यात हवेतच. अंधाऱ्या दृश्यांचे सिनेमे टाळा, दिवसा खिडकीशेजारी पडद्यात फक्त आपलाच चेहरा दिसतो.

आणि व्हीसीडीचं काम या आठवड्यातच सुरू करा. हल्लीच्या लॅपटॉपना डिस्कचा ड्राइव्ह नसतो, बाहेरून लावायचा मागवावा लागतो, तो यायला चार दिवस जातात. डिस्क मऊ कापडाने मधून बाहेर अशा दिशेने पुसा, गोल गोल नाही. ओरखडे असलेली एखादी डिस्क मध्येच अडली तर तीच दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. माझ्याकडे एक नाटक तिसऱ्या ड्राइव्हवर निघालं होतं.